‘मना बाप’ हा मुद्रणदोष नव्हे
वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

महाविद्यालयांच्या वार्षिकांकांची कामे सध्या ऐन भरात आहेत. साहित्य देण्याची मुदत संपलेली असते, मराठी विभागाच्या कपाटात वहीतून फाडलेली पाने साठलेली असतात आणि परीक्षा सुरू होण्यापूर्वी अंक छापखान्यात गेला पाहिजे, असा तगादा मागे असतो. या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे अशा अंकांचे काम करणाऱ्या विद्यार्थ्यांची आहेत. मीही विद्यार्थिदशेत दोन वर्षे हे काम केले आहे आणि त्याविषयी मला आजही आस्था आहे, म्हणून या वेळचे सदर या पाच पत्रांनाच दिले आहे.

प्रश्न : मी आमच्या वार्षिकांकाच्या मराठी विभागाची विद्यार्थी संपादक आहे. यंदा आमच्याकडे १८४ कविता, ३१ लेख आणि ९ कथा आल्या. अंक ११२ पानांचा आहे. अहवाल, छायाचित्रे आणि हिंदी, इंग्रजी, संस्कृत हे विभाग वजा जाता आम्हाला ३८ पाने मिळतात. समितीतल्या मैत्रिणींच्या कविता नाकारल्या तर रुसवे होतात आणि घेतल्या तर वशिल्याचा ठपका येतो. निवड कशी करावी? (एक विद्यार्थिनी, जि. सांगली)

उत्तर : प्रथम सगळ्या साहित्यावरची नावे झाका आणि प्रत्येक पानावर केवळ क्रमांक घाला. नावांची यादी समितीबाहेरच्या एखाद्या व्यक्तीकडे, उदाहरणार्थ ग्रंथपालांकडे, ठेवायला द्या. प्रत्येक कविता तिघांनी स्वतंत्रपणे वाचावी आणि प्रत्येकाने तिच्याविषयी एक वाक्य लिहावे. गुण देऊ नयेत, असे मी आग्रहाने सांगेन. दहापैकी गुण देऊन सरासरी काढली की जिच्याविषयी कोणालाच फारसे काही वाटले नाही अशी सौम्य, बिनचूक कविता वर येते आणि जी एकाला अतिशय आवडली व दुसऱ्याला मुळीच पटली नाही अशी कविता मध्येच अडकून मागे पडते. प्रत्यक्षात ही दुसरी कविताच बैठकीत मोठ्याने वाचायला हवी. ती आवडलेल्याने का आवडली ते सांगावे, न आवडलेल्याने का नाही ते सांगावे आणि मग निर्णय घ्यावा. समितीतल्या सदस्यांचे लेखन त्यांच्या अनुपस्थितीत वाचावे आणि प्रत्येकी एकाहून अधिक साहित्य घेऊ नये. हा नियम साहित्य मागवण्याच्या सूचनेतच छापला, तर पुढचे रुसवे पुष्कळ कमी होतात.

आईवर, पावसावर, सैनिकावर आणि मैत्रीवर लिहिलेल्या कवितांचा ढीग तुमच्याही समोर असेल. विषय नेहमीचा आहे एवढ्यावरून कविता बाजूला ठेवू नका. आईवरच्या वीस कवितांपैकी एकीत आईच्या हाताला चिकटलेला ऊसतोडीचा पाला दिसत असेल, तर ती एक कविता बाकीच्या एकोणिसांपेक्षा वेगळी आहे, आणि हे ओळखणे हेच तुमचे काम आहे.

पानांविषयी. एका पानावर तीन कविता दाटून बसवू नका. कवितेभोवतीची कोरी जागा हा कवितेचाच भाग आहे. त्यापेक्षा कविता कमी घ्या आणि पाने वाढवून मागा. मात्र ‘थोडी पाने वाढवा’ अशी मोघम मागणी कोणी मान्य करत नाही. छापखान्यात एका मोठ्या कागदावर एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांना फर्मा म्हणतात; ११२ पाने म्हणजे सोळा पानांचे सात फर्मे. अर्धा फर्मा वाढवला तर आठ पाने मिळतात. या आठ पानांचा नेमका खर्च छापखान्याकडून लेखी घेऊन जा. त्याचबरोबर विभागीय अहवालांकडेही पाहा. ‘कार्यक्रमाला प्रमुख पाहुणे म्हणून अमुक लाभले, आभार तमुक यांनी मानले’ अशा वाक्यांनी भरलेली कित्येक पाने तारीख, कार्यक्रम आणि वक्ता अशा एका तक्त्यात मावतात. संबंधित प्राध्यापकांना तक्त्याचा नमुना स्वतः तयार करून दाखवला, तर ते सहसा नकार देत नाहीत.

आता ज्यांचे साहित्य घेतले जाणार नाही त्यांच्याविषयी, कारण संख्येने तेच अधिक आहेत. मराठी नियतकालिकांत ‘साभार परत’ या दोन शब्दांचा धाक पिढ्यान्‌पिढ्या राहिलेला आहे. पण ‘सत्यकथा’ मासिकाच्या श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन या संपादकांची ओळख लेखकाला सविस्तर पत्र लिहून कथेत काय कमी पडते ते सांगणारे संपादक अशीच आहे. त्या मासिकाच्या वाङ्मयीन अभिरुचीला सगळ्यांनी मान तुकवली असे मुळीच नाही; लघुनियतकालिकांच्या चळवळीतल्या तरुणांनी १९६९ मध्ये ‘सत्यकथे’ची जाहीर होळी केली. त्या तरुणांनी स्वतःची अनियतकालिके काढली, कधी सायक्लोस्टाइल करून काढली, आणि मराठी कवितेचा चेहरामोहरा बदलला. विद्यार्थी संपादकाने या दोन्ही बाजूंकडून शिकावे, असे मला वाटते: नाकारताना आपण वाचले आहे हे दिसू द्यावे आणि आपली अभिरुची म्हणजे साहित्याची शेवटची सीमा नव्हे हे ध्यानात ठेवावे. दीडशे लांब पत्रे लिहिण्याची गरज नाही. प्रत्येकाला त्याच्या कवितेतल्या एका ओळीविषयी एक वाक्य लिहा. ‘तिसऱ्या कडव्यातली बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीची ओळ आम्हाला आवडली, बाकीची कविता तिच्यापर्यंत पोहोचली नाही’ एवढे पुरते. तो विद्यार्थी पुढच्या वर्षी पुन्हा कविता देईल.

प्रश्न : आमच्या अंकासाठी प्रथम वर्षाच्या एका विद्यार्थ्याने अहिराणीत कविता दिली आहे. शीर्षक आहे ‘मना बाप’. टंकलेखन करणाऱ्याने चूक समजून ते ‘माझा बाप’ केले. आमच्या मार्गदर्शक सरांचे म्हणणे असे की संपूर्ण कविताच प्रमाण मराठीत आणावी, म्हणजे विद्यापीठाच्या नियतकालिक स्पर्धेत शुद्धलेखनाचे गुण जाणार नाहीत. कवीला विचारले तर ‘तुम्ही म्हणाल तसं’ म्हणतो. काय करावे? (एक विद्यार्थी संपादक, जि. धुळे)

उत्तर : कविता आहे तशी छापा. ‘मना बाप’ हा मुद्रणदोष नव्हे.

खान्देशाबाहेरच्या वाचकाला ‘मना’ हा शब्द दिसला की मनाच्या श्लोकांतले ‘मना सज्जना’ हे संबोधन आठवते आणि ‘मनी माय’ वाचताना ‘मनात’ असा अर्थ लागतो. ही वाचकाची अडचण आहे, कवीची चूक नाही. ती दूर करण्याचा मार्ग कवितेखाली बारीक अक्षरांत ‘मना, मनी : माझा, माझी’ अशी टीप देणे हा आहे, शब्द बदलणे हा नव्हे. सबंध कवितेसाठी आठ-दहा शब्दांचे अर्थ दिले तरी पुरे होतात. आणि धुळे जिल्ह्यातल्या महाविद्यालयाच्या अंकात, जिथे निम्म्या वर्गाच्या घरी हीच भाषा बोलली जाते, तिथे ही टीपसुद्धा बाहेरच्या पाहुण्यांसाठीच असेल.

तुमच्या सरांची काळजी मी समजू शकतो, आणि त्यांच्याशी वाद न घालता पुढील दोन गोष्टी त्यांच्यासमोर ठेवा. मराठी साहित्य महामंडळाचे जे शुद्धलेखनाचे नियम शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले आणि १९७२ मध्ये ज्यांत भर पडली, ते प्रमाण मराठीच्या लेखनाचे नियम आहेत. त्या नियमांनी प्रमाण मराठीतल्या पद्यालाही वृत्तासाठी ऱ्हस्व-दीर्घाची मोकळीक दिलेली आहे. मग जी कविता प्रमाण मराठीत लिहिलेलीच नाही तिला या नियमांच्या फुटपट्टीने मोजून अशुद्ध ठरवता येणार नाही. दुसरी गोष्ट बहिणाबाई चौधरींची. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची गाणी घरातल्यांनी उतरवून घेतली आणि त्यांच्या निधनानंतर १९५२ मध्ये ती पुस्तकरूपाने आली, ती त्यांच्या खान्देशी बोलीतच. कोणी सद्भावनेने ती गाणी पुणेरी करून छापली असती, तर आज शाळेच्या पुस्तकापासून ओव्या म्हणणाऱ्या बायकांपर्यंत सगळ्यांच्या ओठांवर जे आहे त्यातले काय उरले असते, याचा सरांनीच विचार करावा, अशी त्यांना नम्र विनंती करा. स्पर्धेच्या परीक्षकांसाठी संपादकीयात एक परिच्छेद लिहा की या अंकातले बोलीतले लेखन जाणीवपूर्वक बोलीत छापले आहे. परीक्षक बहुधा मराठीचेच प्राध्यापक असतात. त्यांना हे पुरेल.

बोलीतली कविता आहे तशी छापणे म्हणजे संपादन न करणे, असा मात्र अर्थ काढू नका. उलट अशा कवितेला अधिक काळजीने वाचावे लागते. अहिराणी लिहिणाऱ्यांत कोणी ‘मना’ लिहितात, कोणी ‘मन्हा’. या कवीने एका कडव्यात एक आणि दुसऱ्यात दुसरे रूप लिहिले असेल, तर त्याला जवळ बसवून कविता मोठ्याने वाचायला सांगा, मोबाइलवर त्याचा आवाज ध्वनिमुद्रित करा आणि तो जसे उच्चारतो त्याला जवळचे जे रूप असेल ते त्याच्या संमतीने सगळीकडे एकसारखे ठेवा. मग टंकलेखकाला ते ध्वनिमुद्रण ऐकवा. काय लिहायचे आहे हे एकदा कानावर पडले की तोही पुढे ‘दुरुस्ती’ करत नाही.

आणि कवी काय म्हणतो ते पुन्हा विचारा. ‘तुम्ही म्हणाल तसं’ हे संमतीचे वाक्य नाही. प्रथम वर्षाचा मुलगा, समोर प्राध्यापक आणि वरच्या वर्गातले तुम्ही. त्याने दुसरे काय म्हणावे? त्याला कार्यालयात बोलावू नका. कॅन्टीनमध्ये किंवा बसथांब्यावर त्याच्याशी बोला, आणि जमल्यास अहिराणीतच बोला.

प्रश्न : आमच्या अंकातील एका कथेत वसतिगृहातल्या मुलीच्या मासिक पाळीचा आणि तिच्याशी झालेल्या वागणुकीचा उल्लेख आहे. प्राचार्यांनी तीन वाक्यांखाली लाल रेघ ओढून ती काढण्यास सांगितले आहे. लेखिका तयार नाही. आम्ही कोणाचे ऐकावे? (दोन संपादक, मुंबई)

उत्तर : अंकाचे प्रकाशक महाविद्यालय असते आणि काय छापले याची जबाबदारी प्राचार्यांवर येते, त्यामुळे त्यांना आक्षेप घेण्याचा अधिकार आहे, हे आधी मान्य करा. पण लेखिकेच्या नकळत वाक्ये काढण्याचा अधिकार तुम्हालाही नाही आणि त्यांनाही नाही. लेखकाच्या संमतीशिवाय मजकूर बदलून त्याच्या प्रतिष्ठेला बाध आला, तर लेखकाला दाद मागता येते, अशी तरतूद १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातच आहे. म्हणून पर्याय तीनच उरतात: कथा पूर्ण छापणे, लेखिकेने स्वतः बदल करणे किंवा तिने कथा मागे घेणे.

प्राचार्यांकडे जाताना केवळ ती तीन वाक्ये घेऊन जाऊ नका, संपूर्ण कथा घेऊन जा आणि ती त्यांच्यासमोर वाचण्याची परवानगी मागा. रेघ ओढलेले वाक्य एकटे वाचले की ते नेहमीच अधिक उघडे वाटते. १९६२ च्या एका दिवाळी अंकात आलेल्या चंद्रकांत काकोडकरांच्या ‘श्यामा’ या कथेवर अश्लीलतेचा खटला झाला होता आणि १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लेखकाला दोषमुक्त केले. कृतीचा विचार समग्रपणे करावा लागतो, हे त्या निकालात स्पष्ट आहे. तुमच्या लेखिकेच्या कथेत तर अश्लीलतेचा प्रश्नही नाही. तिथे एका मुलीला वेगळे बसवले जाते एवढेच लिहिले आहे. आक्षेपाचे खरे कारण वसतिगृहाचे नाव ओळखू येते हे असेल, तर ते शांतपणे विचारून घ्या. तसे असल्यास लेखिका स्थळ बदलायला तयार होऊ शकते आणि तिची तीन वाक्ये जागेवर राहतात. शेवटी कथा मागे घ्यावी लागलीच, तर ती जागा दुसऱ्या कथेने भरण्याची घाई करण्यापूर्वी लेखिकेशी बोला, आणि तिच्या कथेच्या वाचनासाठी वाङ्मय मंडळाची एक दुपार ठरवा.

प्रश्न : मुखपृष्ठावर कुसुमाग्रजांच्या ओळी आणि इंटरनेटवरून घेतलेले चित्र वापरले तर चालेल का? (एक विद्यार्थी, नाशिक)

उत्तर : परवानगीशिवाय नाही. आपल्या कायद्यात लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे हक्क टिकतो. कुसुमाग्रजांचे निधन १९९९ चे, म्हणजे त्यांच्या लेखनावरचा हक्क २०५९ च्या अखेरीपर्यंत आहे. मर्ढेकर १९५६ मध्ये गेले, त्यांच्या कविता २०१७ पासून मुक्त आहेत. केशवसुतांचे निधन तर १९०५ चे. चित्रासाठी इंटरनेटकडे जाण्याचे कारणच मला कळत नाही. तुमच्या महाविद्यालयात चित्र काढणारे कोणी ना कोणी असेलच. त्याला कविता वाचायला द्या, पंधरा दिवस द्या आणि श्रेयनामावलीत त्याचे नाव संपादकांच्या नावाइतक्याच ठळक अक्षरांत छापा. विद्यार्थी हा महाविद्यालयाचा कर्मचारी नसल्यामुळे त्याच्या चित्राचा आणि लेखनाचा हक्क त्याच्याकडेच राहतो; अंकात छापण्यापुरती त्याची लेखी संमती घेऊन ठेवा.

प्रश्न : आमचा अंक छापून आला आणि एका कवितेच्या शेवटच्या दोन ओळी गळाल्याचे लक्षात आले. ५०० प्रती तयार आहेत, काही वाटूनही झाल्या आहेत. समितीत काहीजण म्हणतात, कोणाच्या लक्षात येणार नाही, गप्प बसावे. आता काही करता येईल का? (एक विद्यार्थिनी संपादक, कोल्हापूर)

उत्तर : करता येईल आणि करायलाच हवे. हे मी ठामपणे का म्हणतो, ते सांगतो.

मी द्वितीय वर्षाला असताना वार्षिकांकाची शेवटची प्रुफे माझ्याकडे होती. वर्गातल्या एका मुलीची बावीस ओळींची कविता ६४ व्या पानावर होती आणि तिच्या शेवटच्या दोन ओळी पानाबाहेर जात होत्या. पुढच्या पानापासून अहवाल सुरू होत होते. छापखान्यात यंत्र थांबलेले, जुळारी माझ्याकडे पाहतो आहे, आणि मी म्हटले, ‘काढा त्या दोन ओळी.’ अक्षरांचा आकार एका अंशाने कमी करणे किंवा शीर्षक थोडे वर सरकवणे मला सुचले नाही, कारण मी तो विचारच केला नाही. अंक आला त्या दिवशी ती ग्रंथालयाच्या खिडकीशी उभी होती. तिने आपली प्रत घेतली, ६४ वे पान उघडले, थोडा वेळ पाहिले, पिशवीतून बॉलपेन काढले आणि त्या दोन ओळी पानाच्या तळाशी, समासात, बारीक अक्षरांत लिहून काढल्या. मग अंक मिटला आणि ती गेली. माझ्याशी ती एक शब्दही बोलली नाही. त्यानंतरच्या अंकासाठी मी तिच्याकडे कविता मागितली, तिने दिली नाही.

तेव्हा शुद्धिपत्र छापा, पण नेहमीच्या पद्धतीने नव्हे. ‘पान ४७ वरील कवितेत अनवधानाने दोन ओळी राहून गेल्या’ अशी चिठ्ठी अंकात सैल ठेवली की ती पहिल्याच दिवशी गळून पडते. त्याऐवजी त्या दोनच ओळी कवितेच्याच टंकात, त्याच आकारात आणि तितक्याच रुंदीच्या पट्टीवर छापून घ्या, म्हणजे पट्टी कवितेखाली चिकटवता येईल आणि कविता पुन्हा पूर्ण होईल. ए-४ आकाराच्या एका कागदावर अशा दहा पट्ट्या सहज बसतात. ५०० प्रतींना ५० कागद लागतील. समितीतले सहाजण एका दुपारी बसले तर काम संपते. डिंक पातळ लावा, नाही तर समोरचे पान चिकटते. वाटून झालेल्या प्रतींसाठी वर्गप्रतिनिधींकडे पट्ट्या द्या. ग्रंथालयाच्या आणि विद्यापीठाकडे जाणाऱ्या प्रती आधी दुरुस्त करा, कारण जपून ठेवल्या जातात त्या याच, आणि पीडीएफ फाइलही बदलून घ्या.

पट्ट्या चिकटवायला बसाल त्याच दिवशी बाकीचा अंकही एकदा वाचून काढा. जुन्या टंकातला मजकूर युनिकोडमध्ये आणताना मराठीतला ‘ऱ्या’ हमखास मोडतो, आणि ‘आचाऱ्यांना’ मानधन द्यायचे असते तिथे ‘आचार्यांना’ मिळते, डोंगरातल्या ‘दऱ्या’ जाऊन ‘दर्या’ येतो. पट्ट्यांचे कागद छापायचेच आहेत, तर अशा सापडलेल्या चुकाही त्यांवर घेता येतील.

पहिली पट्टी कवीच्या प्रतीत लावा. ती प्रत शिपायाकरवी पाठवू नका, तुम्ही स्वतः घेऊन जा, आणि ओळी बरोबर आल्या आहेत का हे कवीला आधी तपासून पाहू द्या. मगच उरलेले कागद छापायला टाका.